मुठीतला आलेपाक

जवळ ये गं, जरा कान इकडे कर. तुला रागवायचं आहे, पण हळू आवाजात. फोनवरच रागावले असते, पण फोनवर तू ‘हो मावशी, बरं मावशी’ म्हणत तिकडे भाजी चिरत असतेस. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. वाचताना तरी हात रिकामे ठेवशील.

नाशिकच्या लग्नात पंगतीला बसून तू काय काय सांगितलंस ते माझ्यापर्यंत आलंय. म्हणे, आमच्या मावशीने सिंगापुरात एका जपानी धावपटूला भर शर्यतीत थांबवलं, लाडू भरवला, आणि तो पहिला आला. अगं, एका वाक्यात तीन चुका. लाडू नव्हता, आलेपाकाची वडी होती. भरवली नाही, हातात दिली. आणि तो पहिला नाही, सहावा आला. शिवाय तू ते सगळं हसण्यावारी नेलंस, ते मला जास्त लागलं. त्या सकाळी एका माणसाची सगळी मेहनत मी एका वडीपायी घालवली असं वाटून, मी रस्त्याच्या कडेला हातात डाव धरून उभी होते. तेव्हा आता नीट ऐक, पहिल्यापासून.

मी इथे आले दोन हजार अकरात. तुझे काका गेल्यावर मिरजेचं घर बंद केलं, डब्यांचं काम बंद केलं, आणि मुलाकडे सिंगापुरात, बुकित पंजांगला आले. तुला माहीतच आहे, मी तीस वर्षं मिरजेत दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांचे डबे केले. ती माणसं कशी जेवतात ते मी पाहिलंय. आत कुणीतरी ऑपरेशनला गेलेलं असतं, आणि बाहेर बाकावर बसून माणूस डबा उघडतो तो झाकण खाली ठेवायचीही वाट न बघता. भूक आणि काळजी एकत्र झाली, की घास तोंडात कधी गेला ते त्यालाही कळत नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

इथे आल्यावर माझ्या हाताला कामच नव्हतं. चौघांचा स्वयंपाक म्हणजे मला खेळभांडी. दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एलआरटीचे, म्हणजे इथल्या छोट्या लोकलचे, दोन डबे सारखे जाताना दिसायचे, आणि मी त्यांना बघत चहा प्यायचे. समोरच्या दारात एक चिनी बाई राहायच्या, माझ्याच वयाच्या. क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, त्यांनी उभं आयुष्य नूडल्सचं सूप विकलेलं. त्या मला आंटी म्हणायच्या, मी त्यांना आंटी म्हणायचे. दोघींचं इंग्लिश सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकींचं बरोबर कळायचं.

माझ्या सुनेला तेव्हा पळायचा नाद लागला होता. तिच्या अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात एक जपानी बाई होत्या, त्यांनी लावलेला. संध्याकाळी घरी आली, की कपड्यांच्या घड्या करता करता सून टीव्हीवर इंटरनेटवरच्या शर्यती लावायची. मी म्हणायचे, अगं बाई, पळणाऱ्या माणसांकडे दोन दोन तास काय बघायचं? तीच माणसं, तोच रस्ता. एकदा ती म्हणाली, “आई, हा एक बघा. हा तुमच्यातला आहे.”

माझ्यातला म्हणजे काय, तर स्वयंपाकघरातला.

तो जपानातल्या कुठल्याशा लहान गावात, शाळेच्या मुलांचं जेवण शिजवायच्या स्वयंपाकघरात नोकरीला होता. तिकडे म्हणे गावातल्या सगळ्या शाळांचं जेवण एकाच ठिकाणी शिजतं. माणूस आत बसेल एवढाली पातेली, आणि ढवळायला नावेच्या वल्ह्याएवढं उलथनं. सुनेने त्याचा व्हिडिओ दाखवला. डोक्याला पांढरं फडकं, पायात रबरी बूट, आणि तो दोन्ही हातांनी रस्सा ढवळतोय. मी त्याच्या मनगटांकडे बघितलं आणि म्हटलं, हो, हा कामाचा माणूस आहे. शोभेपुरतं ढवळणारा मनगट वळवतो. रोजचं ढवळणारा खांद्यातून ढवळतो.

आणि हाच माणूस दुपारी भांडी घासून झाली की पळायला जायचा, आणि रविवारी जगातल्या मोठमोठ्या धावपटूंच्या बरोबरीने मॅरेथॉन पळायचा. बेचाळीस किलोमीटर. म्हणजे आपल्या मिरजेहून निघून सांगली, आणि परत, आणि पुन्हा सांगली, आणि परत. अडीच तासांच्या खूप आत.

मग मला त्याचा नाद लागला. दर शुक्रवारी सून ऑफिसातून आली, की त्या जपानी बाईंनी सांगितलेलं काहीतरी नवीन आणायची आणि मी आधी चहा ठेवून मग ऐकायचे. त्यातूनच मला त्याची सगळी कथा कळली.

त्यांच्याकडे कॉलेजच्या मुलांची एक मोठी शर्यत असते, एकामागून एक पळायची. खांद्यावरून आडवा घातलेला कापडी पट्टा असतो, तो आपल्या टप्प्याच्या शेवटी पुढच्याच्या हातात द्यायचा. सगळा देश टीव्हीसमोर बसून बघतो. हा कॉलेजात असताना त्याला एक टप्पा मिळाला, आणि नेमकं त्याचं पोट बिघडलं. लहानपणापासून पोट नाजूक. दोनदा कडेला जाऊन उलटी केली, पुन्हा पळाला. पण तिथे नियम असा, की फार उशीर झाला तर पुढच्या मुलाला थांबवत नाहीत, दुसरा पट्टा देऊन सोडून देतात. हा आला तेव्हा त्याचा पुढचा गडी निघून गेलेला. हातात पट्टा, आणि घ्यायला कुणी नाही. सुनेने तो फोटो दाखवला. तो पट्टा पुढे धरून उभा आहे, समोर रिकामा रस्ता. मला तो बघवेना. मी म्हटलं, बंद कर गं.

नंतर एका कंपनीने त्याला घेतलं. तिकडे कंपन्या असे धावपटू पदरी ठेवतात, अर्धा दिवस काम, अर्धा दिवस पळणं. पण पोटाने पुन्हा दगा दिला, आणि दोन वर्षांत कंपनीने निरोप दिला. घरी परत आला, शाळेच्या स्वयंपाकघरात लागला. बाकीचे असते तर तिथेच संपले असते. हा एकटाच पळत राहिला, प्रशिक्षक नाही, संघ नाही, आणि एका मोठ्या मॅरेथॉनमध्ये कंपन्यांच्या सगळ्या पोरांना मागे टाकून पुढे आला. त्या दिवसापासून तो लोकांचा झाला. कंपनीने परत बोलावलं तर म्हणाला, मुलांचं जेवण कोण करणार?

अगं, त्याच्यावर लोकांचा जीव का, तर तो दिसायचा आपल्यासारखा. बाकीचे धावपटू हरणासारखे जायचे, चेहऱ्यावर सुरकुती नाही. हा पळताना पाहिलास तर वाटेल, आता पडतो की मग पडतो. मान एकीकडे, तोंड वाकडं, दात दिसतायत. आणि तरी मागे हटायचा नाही. त्याच्या गावचे लोक रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन नाही, मोठे डाव घेऊन उभे राहायचे. आधी शाळेतल्या मुलांनी सुरू केलं, मग सगळ्यांनीच. तो दिसला की हजार डाव वर. आम्ही टीव्हीवर ते बघायचो तेव्हा समोरच्या आंटी त्यांच्याकडचा झारा घेऊन यायच्या आणि मी माझा डाव. सून हसायची. मुलगा म्हणायचा, आई, खाली राहणारे तक्रार करतील.

पण मला त्याचं सगळ्यांत काय आवडायचं सांगू? शर्यत संपली की तो कितीही मेला असला, तरी थांबायचा, मागे वळायचा, दोन्ही पाय जुळवायचा, आणि आल्या रस्त्याला कमरेत वाकून नमस्कार करायचा. लोकांना नाही, रस्त्याला. मग बाजूला जाऊन ओकायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपण देवळातून निघताना उंबऱ्यापाशी मागे वळून हात जोडतो ना, तसं. ज्याने एवढं छळलं त्याला नमस्कार. आणि आणखी एक गोष्ट, ती त्या जपानी बाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितली होती. त्या पट्ट्याच्या दिवसानंतर त्याने एकही शर्यत अर्धी सोडली नव्हती, आणि एकाही शर्यतीतून त्याला कुणी बाद केलं नव्हतं. ताप असो, पाय सुजलेला असो, शेवटची रेषा ओलांडायचीच.

मग एका वर्षी सून आली ती बूट न काढताच आत आली. म्हणाली, “आई, तो इथे येतोय.”

सिंगापूरच्या मॅरेथॉनला. सून त्या दिवशी शेवटच्या रेषेपाशी स्वयंसेवक म्हणून टॉवेल द्यायला जाणार होती. मी आणि समोरच्या आंटी बघायला जायचं ठरवलं. जपानी बाईंनी एक गोष्ट सांगून ठेवली होती, आणि तिथेच सगळं बिघडलं. म्हणाल्या, त्याला इथला उकाडा बाधणार. अशा हवेत त्याचं पोट नक्की बिघडतं, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास.

आता तूच सांग, हे ऐकल्यावर मी काय करणार? पोट ढवळलं की आपल्याकडे काय देतात? प्रवासाला निघताना आईने तुझ्या पिशवीत काय घातलं असतं? मी बाजारातून जून आलं आणलं, किसलं, साखरेच्या पाकात टाकून दुधाचा हबका मारून आटवलं, ताटात थापलं, वड्या पाडल्या. एक एक वडी आतून बटरपेपरमध्ये आणि वरून मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानाच्या चौकोनात गुंडाळली. माझी सवय तुला माहीत आहे. मिरजेहून येणारं कॅलेंडर मी कधी फेकलेलं नाही.

आंटी माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “आंटी, दॅट बॉय ऑलरेडी गॉट डॉक्टर, गॉट मेडिसिन, व्हाय यू वरी?” मी म्हटलं, डॉक्टर आहे, आई कुठेय? त्यावर त्या म्हणाल्या, एक मला पण दे, टॅक्सीत माझं डोकं गरगरतं.

रविवारी आम्ही दोघी पहाटेच टॅक्सीने ईस्ट कोस्टला, तिसाव्या किलोमीटरपाशी गेलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, धावायला का? आंटी म्हणाल्या, हो, ही फुल मॅरेथॉन, मी हाफ. मी सुती साडी, सुनेचे जुने पळायचे बूट, आणि हातात डाव. आंटींच्या हातात झारा. समुद्राकडून वारा होता, पण दमट, अंगाला चिकटणारा. अंधार फिका व्हायला लागला होता. लोक तुरळक होते. पुढे थोड्या अंतरावर पाण्याचं टेबल, आणि आमच्यापाशी नारिंगी टीशर्टातली एक मुलगी हातात झेंडा घेऊन उभी.

आधी मोटारसायकल आली. मग केनियाची मुलं. बाई गं, ती कशी गेली ते मी तुला सांगू शकत नाही. टीव्हीवर कळत नाही, कॅमेरा त्यांच्याबरोबर पळत असतो ना. इथे आपण उभं असतो आणि ती येतात. पावलांचा आवाज म्हणजे भिजल्या कापडावर हलक्या थापट्या मारल्यासारखा. श्वासाचा आवाज. एक वारं आलं आणि गेलं, आणि माझा पदर त्या वाऱ्याने हलला. माणसाच्या पळण्याने माझा पदर हलला. मी आंटींकडे बघितलं, त्यांचं तोंड उघडं होतं.

आणि मग, बऱ्याच वेळाने, एकटा, तो.

मान एकीकडे. दात दिसतायत. मी लांबूनच ओळखला. टीव्हीवर वाटतो त्यापेक्षा बारीक, आणि किती लहान दिसत होता गं. चेहरा पांढराफटक पडलेला. एक हात पोटावर. जपानी बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं झालेलं. मी डाव वर केला. आंटींनी झारा वर केला. आणि त्याने पाहिलं. सिंगापुरात, समुद्राच्या कडेला, एक साडीतली म्हातारी आणि एक चिनी म्हातारी, हातात डाव आणि झारा. त्याची मान सरळ झाली. मी बघितलं, त्याची मान सरळ झाली.

मग मी तो मूर्खपणा केला. दोन पावलं पुढे गेले आणि वडी पुढे धरली.

तो अर्धं पाऊल थबकला. अर्धंच. दोन्ही हात पुढे करून त्याने ती घेतली, आपण प्रसाद घेतो तशी, मान वाकवली, आणि निघून गेला. माझ्या तळव्याला त्याची बोटं लागली होती. थंडगार होती, एवढ्या उकाड्यात.

मी आंटींकडे वळले, माझ्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात ती नारिंगी टीशर्टवाली मुलगी धावत आली. बिचारी रागावली नव्हती, घाबरली होती. म्हणाली, “आंटी, कॅनॉट लाह, असं नाही चालत. बाहेरचं काही खाल्लं तर त्याला बाद करू शकतात.” धावपटूंनी फक्त ठरलेल्या टेबलावरूनच खायचं-प्यायचं असतं म्हणे. प्रत्येकाची बाटली तिथे नाव लावून ठेवलेली असते. रस्त्यात कुणी दिलेलं काही खाल्लं, तर ती मदत धरतात. आणि तेव्हाच मला दिसलं, पंचांचा बिल्ला लावलेला एक माणूस सायकलवरून त्याच्या मागे मागे निघाला होता. त्याने पाहिलं होतं.

आता तू सांग मला, हसण्यासारखं काय होतं त्यात? ज्याच्या हातात पट्टा राहून गेला, ज्याने त्यानंतर एकही शर्यत सोडली नाही, त्याच्या हातात मी वडी ठेवली. आणि तो खाणार, हे मला माहीत होतं. तीस वर्षं मी माणसं जेवताना पाहिलीत. पोटात कळ, अंगात त्राण नाही, आणि मुठीत आल्याची गोड वडी. पुढच्या वळणावर तो कागद सोडणार, वडी तोंडात टाकणार, आणि पंच त्याचं नाव काढून टाकणार. भूक लागलेला, दमलेला माणूस थांबत नाही, मला माहीत आहे ते.

मी सुनेला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. आंटींनी माझा डाव काढून स्वतःच्या पिशवीत ठेवला, मला कडेच्या कठड्यावर बसवलं, आणि म्हणाल्या, हे बघ, त्याला खायला दिलंस, विष नाही दिलंस. मी म्हटलं, आंटी, त्याच्यासाठी तेच झालं. त्या नेहमी काहीतरी टोमणा मारायच्या, त्या दिवशी मारला नाही. माझा हात धरून बसल्या. त्यांचा हातही स्वयंपाकघरातला, चटके बसून बसून कडक झालेला.

रस्ते बंद, टॅक्सी लांबून वळसा घालून गेली. शेवटच्या रेषेपाशी पोचायला आम्हाला आठ वाजून गेले. गर्दी, गाणी, स्पीकर. मी सगळ्यांमधून साडी सावरत, आंटी पुढे झारा धरून वाट काढत. म्हणत होत्या, “एक्सक्यूज, एक्सक्यूज, इमर्जन्सी.” झारा बघून लोक बाजूला होत होते.

सून तंबूच्या दारात टॉवेलांच्या ढिगाशी उभी होती. मला बघून म्हणाली, “आई, मागच्या वर्षीचा आषाढ कुठे आहे?”

मला काही कळेना. मी म्हटलं, त्याला काढलं का गं? तेवढं सांग.

तिने मला खुर्चीवर बसवून सांगितलं ते असं. तो सहावा आला. शेवटच्या सरळ रस्त्यावर त्याची ती तशीच वाकडी मान, आणि उजवी मूठ घट्ट आवळलेली. सगळ्यांना वाटलं पोटात कळ आली म्हणून. रेषा ओलांडली, थांबला, वळला, पाय जुळवले, आणि रस्त्याला नमस्कार केला. मूठ तेव्हाही मिटलेली. सून टॉवेल घेऊन पुढे गेली. तेवढ्यात तो सायकलवरचा पंच आला, त्याच्याबरोबर दुसरे एक वयस्कर पंच. त्यांनी विचारलं, वाटेत काही घेतलंस का?

त्याने मूठ उघडली.

कागद घामाने भिजून लगदा झालेला, पण घडी तशीच्या तशी. मी जशी गुंडाळली होती तशी, कोपरे आत वळवलेले. उघडली नव्हती. आणि त्याच्या तळहातावर मराठीत छापलेलं दिसत होतं, ‘आषाढी एकादशी’. सून म्हणाली, आई, ते अक्षर बघून माझ्या हातातला टॉवेल पडला. अख्ख्या सिंगापुरात असा कागद वापरणारी बाई एकच.

पंचांनी वडी हातात घेतली, उलटसुलट केली, वास घेतला. त्याला फारसं इंग्लिश येत नव्हतं. तो सुनेसमोर पंचांना एवढंच म्हणाला, “ग्रँडमदर. किचन पीपल.” मग थोडं थांबून, “आफ्टर.”

नंतर. खाईन, पण नंतर.

वयस्कर पंचांनी सायकलवाल्याला विचारलं, खाल्लेलं पाहिलंस का? तो म्हणाला, नाही, मी बारा किलोमीटर त्याच्या हातावरच नजर ठेवून होतो. त्यांनी वडी त्याला परत दिली. त्याचा सहावा नंबर तसाच राहिला. मग त्याने खाली बसून कागद सोडला आणि दोन्ही हातांनी खाल्ली. आणि सून शपथेवर सांगते, त्या दिवशी तो ओकला नाही.

मी पोचले तोवर त्याला गाडीने नेलं होतं. मला काही तो पुन्हा भेटला नाही.

सून मला तिथे चेष्टेने म्हणाली, कागदावर एकादशी होती ना, म्हणून उपास केला असेल त्याने. मी हसले, हसता हसता रडायला लागले, आणि आंटी दोघींना टॉवेल देत बसल्या. त्या काही स्वयंसेवक नव्हत्या, तरी.

मला काय वाटलं ते तुला कसं सांगू? आयुष्यभर मी माणसांना वाढलं. उपाशी माणसाच्या हातात घास ठेवला की पुढचं काम देवाचं, असं मी धरून चालले होते. पण हा माणूस पोट पिळवटत असताना, घास मुठीत धरून, बारा किलोमीटर पळाला. टाकून देता आला असता. टाकला असता तर प्रश्नच मिटला असता, रस्त्याच्या कडेला सगळे काही ना काही टाकतच असतात. खाल्ला असता तर मी समजू शकले असते. त्याने टाकला नाही आणि खाल्ला नाही. माझाही मान ठेवला आणि नियमाचाही. असं काही माणूस करू शकतो, हे मला साठी उलटल्यावर, रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं.

पुढे काही महिन्यांनी त्या जपानी बाईंनी त्यांच्याकडच्या वर्तमानपत्रातलं कात्रण इंग्लिशमध्ये उतरवून आणलं. तिकडे सगळे त्याला विचारत होते, सिंगापूरच्या फोटोत तुझ्या मुठीत काय होतं? त्याने उत्तर दिलं होतं, एका आजीने दिलेला खाऊ. विचारलं, मग शेवटचे बारा किलोमीटर काय विचार करत होतास? तर म्हणाला, कागदातून आल्याचा वास येत होता, त्या वासावरच पळालो. सुनेने ते मला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा मीच म्हणाले, पुरे.

आता तो शर्यतीतून निवृत्त झालाय. त्याच्या शाळेत अजून रस्सा ढवळतो म्हणे. समोरच्या आंटींनी मध्यंतरी आलेपाक शिकून घेतला, त्यात त्या मिरी घालतात, मी काही बोलत नाही. मी मात्र त्या दिवसापासून रस्त्यात कुणाच्या पुढे काही धरत नाही. डाव वर करते, तेवढंच.

आणि हो, तू गेल्या महिन्यात म्हणालीस, मावशी, पार्सलने वड्या पाठव. पाठवणार नाही. या वर्षीच्या करून डब्यात ठेवल्यात, वरच्या फळीवर. कागद अजून आषाढाचाच आहे, एकादशीचे चौकोन मी वेगळे काढून ठेवलेत. सुट्टी काढ, लवकर ये, इथे माझ्यासमोर बस. तुझ्या मागे सायकलवरून कुणी पंच येत नाहीत. हातात दिली, की लगेच खायची.